पूर्ण मुक्त संगणकावर वायफाय लागत नाही? खान्देशातल्या मंडळींचे नेहमीचे प्रश्न

जळगाव-भुसावळ पट्ट्यात लोकांचे जुने लॅपटॉप झटकून-पुसून त्यावर ट्रिस्क्वेल टाकून देण्याचा मला नाद आहे. ट्रिस्क्वेल ही विंडोजच्या जागी चालणारी पूर्ण मुक्त लिनक्स प्रणाली, म्हणजे जिचा सगळा कोड कुणालाही बघता, बदलता आणि वाटता येतो. मशीन घरी गेलं की तासाभरात फोन येतो: "वायफाय दिखत नही भो." त्यानंतरचं बोलणं इतक्या वेळा झालंय की आता ते लिहूनच काढलं.

एक सूचना आधी. आदेश मी इथे अक्षरं सुटी करून देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आदेश टाइप करायच्या खिडकीत, ते अर्थातच रोमन अक्षरांत, सलग आणि लहान लिपीत टाइप करायचे.

इन्स्टॉल केलं, सगळं छान चालतंय, पण वायफायचं नावच नाही. लॅपटॉप बिघडला का?

नाही. दहापैकी नऊ वेळा काहीच बिघडलेलं नसतं. तुमच्या कार्डाला चालण्यासाठी एक बंद प्रोग्रॅम लागतो आणि तुम्ही निवडलेली प्रणाली तो जवळ बाळगत नाही, एवढंच.

वायफाय कार्डाच्या चिपमध्ये स्वतःचा एक छोटा संगणक असतो. त्यावर चालणाऱ्या प्रोग्रॅमला फर्मवेअर म्हणतात. बहुतेक नव्या चिपांमध्ये तो कायमचा बसवलेला नसतो. दरवेळी मशीन सुरू झालं की ड्रायव्हरनं, म्हणजे प्रणालीतल्या कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमनं, तो डिस्कवरून उचलून चिपमध्ये भरायचा असतो. शेतावरची मोटर आपली, केबल आपली, वीजही आली. पण स्टार्टरच्या पेटीला कंपनीचं कुलूप. पेटीत काय आहे ते बघायचं नाही, दुरुस्त करायचं नाही, फक्त कंपनी देईल तसं वापरायचं. ट्रिस्क्वेल, पॅराबोला, प्युअरओएस, हायपरबोला, गीक्स या पूर्ण मुक्त प्रणाली अशी कुलूपबंद पेटी आत घेत नाहीत. त्यामुळे ड्रायव्हर असतो, चिप असते, आणि दोघं एकमेकांकडे बघत बसतात.

म्हणून सेटिंग उकरत बसण्याआधी चिप कोणती ते बघा. हे एक वाक्य लक्षात राहिलं तरी तुमचा आठवडा वाचेल.

पण हेच कार्ड विंडोजवर चालत होतं. उबुंटूवरही चालत होतं!

चालणारच. विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये फर्मवेअर बांधूनच येतं. उबुंटू ते सोबत देतं. डेबियन बरीच वर्षं बंद फर्मवेअर बाजूला ठेवायचं. २०२२ मध्ये त्यांनी मतदान घेतलं आणि २०२३ मध्ये आलेल्या १२ व्या आवृत्तीपासून अधिकृत इन्स्टॉलरमध्येच ते द्यायला लागले.

ट्रिस्क्वेलसारख्या प्रणाली लिनक्स-लिब्रे हा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, वापरतात. मूळ लिनक्स कर्नलातले बंद तुकडे काढून फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन लॅटिन अमेरिकेची मंडळी तो तयार करतात. त्यात नुसते तुकडेच काढलेले नसतात, तर ड्रायव्हरनं कोणती बंद फाइल मागायची ते नावही पुसलेलं असतं. म्हणूनच दुसऱ्या मशीनवरून फर्मवेअरची फाइल पेनड्राइव्हवर आणून योग्य फोल्डरात टाकली तरी काही होत नाही. हा प्रयोग करून रात्र घालवलेले किमान तीन जण मला माहीत आहेत. पहिला मीच.

आज रात्री बारापर्यंत ऑनलाइन फॉर्म भरायचा आहे. आधी नेट द्या, ज्ञान नंतर.

बरोबर आहे. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलनं लॅपटॉपला जोडा. फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉट आणि टेदरिंगच्या पानावर "यूएसबी टेदरिंग" सुरू करा. लॅपटॉपला ते तारेचं नेटवर्क वाटतं आणि त्याचा ड्रायव्हर मुक्त कर्नलात आधीपासून असतो. फर्मवेअरचा प्रश्नच येत नाही.

पुष्कळांना माहीत नसलेली गोष्ट अशी, की फोन घरच्या वायफायला जोडलेला असेल तर टेदरिंगमधून तेच वायफाय लॅपटॉपला मिळतं, मोबाइलचा डेटा खर्च होत नाही. म्हणजे फोनच तुमचं वायफाय कार्ड झाला. ब्लूटूथ टेदरिंगच्या भानगडीत पडू नका, लॅपटॉपच्या ब्लूटूथलाही बहुधा बंद फर्मवेअरच लागतं.

टेदरिंगचं बटण फिकं दिसत असेल तर केबल बदला. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या कितीतरी केबलांत फक्त चार्जिंगच्या दोन तारा असतात, डेटाच्या नसतात.

आणि घरात फायबरचा डबा असेल तर त्याच्या मागे पिवळी किंवा काळी चौकोनी भोकं असतात. पाच-दहा मीटरची लॅनची वायर घ्या आणि थेट लावा. तारेला तोड नाही, हे वायफायच्या प्रश्नोत्तरांत सांगताना जरा विचित्र वाटतं, पण खरं आहे.

माझ्या मशीनमध्ये कोणती चिप आहे ते कसं कळणार?

लॅपटॉपच्या खालच्या स्टिकरवर विसंबू नका. एकाच मॉडेलमध्ये कंपन्या दोन-तीन प्रकारची कार्डं घालतात. टर्मिनल उघडा.

आतल्या कार्डासाठी एल-एस-पी-सी-आय हा आदेश द्या आणि पुढे जागा सोडून वजाचं चिन्ह व दोनदा एन. डोंगलसाठी, म्हणजे यूएसबीत बाहेरून लावलेल्या वायफाय कार्डासाठी, एल-एस-यू-एस-बी. यादीत "नेटवर्क कंट्रोलर" किंवा "वायरलेस" शब्द असलेली ओळ शोधा. आतल्या कार्डाच्या ओळीच्या शेवटी चौकटी कंसात दोन आकडे असतात, मध्ये विसर्गासारखं चिन्ह; डोंगलच्या ओळीत तसेच आकडे आयडी या शब्दापुढे असतात. पहिला आकडा कंपनीचा, दुसरा चिपचा. आतल्या कार्डांत पहिला आकडा ८०८६ असेल तर इंटेल, १०ईसी म्हणजे रियलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १६८सी म्हणजे अथेरॉस. डोंगलमध्ये ०बीडीए दिसलं तर तेही रियलटेक.

१६८सी दिसलं म्हणून लगेच पेढे वाटू नका. दुसरा आकडा ००२ए, ००२बी, ००२ई, ००३०, ००३२, ००३४ किंवा ००३६ असेल तर कार्ड चालेल. ००३ई किंवा ००४२ असेल तर ती त्याच घराण्यातली पुढची पिढी आहे आणि तिला बंद फर्मवेअर लागतं. आडनाव एक असलं तरी घरचे वेगळे.

मग कर्नलची डायरी वाचा: सुडो (म्हणजे मशीनच्या मालकाच्या अधिकारानं), आणि पुढे डी-एम-ई-एस-जी. सुडो विसरलात तर ट्रिस्क्वेल परवानगी नाही म्हणतं. हजारो ओळी येतील. त्यात "मिसिंग फ्री फर्मवेअर" असे शब्द दिसले, किंवा फाइलच्या नावाच्या जागी "डीब्लॉब्ड" असं लिहिलेलं दिसलं, तर निदान झालं. हा कार्डाचा दोष नाही आणि तुमचाही नाही. त्या कार्डाला मुक्त फर्मवेअर अस्तित्वातच नाही. इथे थांबा. पुन्हा इन्स्टॉल करू नका, आवृत्ती बदलू नका, कर्नल अपडेट होण्याची वाट बघू नका. पुढचा प्रश्न वाचा.

मग चालतात तरी कोणत्या चिपा?

यादी लहान आहे आणि तिच्यात अथेरॉसचंच राज्य आहे.

आतल्या कार्डांमध्ये एटीएच९के हा ड्रायव्हर वापरणाऱ्या चिपा सर्वात बऱ्या: एआर९२८०, एआर९२८५, एआर९२८७, एआर९३८०, एआर९४८५, एआर९४६२, क्यूसीए९५६५. या चिपांना बाहेरून फर्मवेअर भरावंच लागत नाही, सगळं काम ड्रायव्हर करतो आणि ड्रायव्हर मुक्त आहे. त्याहून जुन्या एटीएच५केवाल्या चिपाही तशाच, पण त्या आता संग्रहालयात शोभतात.

डोंगलमध्ये नाव एकच पाठ करा: एआर९२७१. हिला फर्मवेअर लागतं, पण ते मुक्त आहे. क्वालकॉम अथेरॉसनं त्याचा स्रोत खुला केला आणि २०१३ मध्ये थिंकपेंग्विन या दुकानानं विकलेल्या, याच चिपच्या डोंगलला फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचं "रिस्पेक्ट्स युअर फ्रीडम" प्रमाणपत्र मिळालं. इतक्या वर्षांनंतरही मुक्त संगणकवाल्यांच्या खिशात हेच डोंगल सापडतं, यावरून बाकीच्या कंपन्यांनी काय केलं ते समजा. एल-एस-यू-एस-बीमध्ये ही चिप ०सीएफ३ आणि पुढे ९२७१ अशी दिसते. ट्रिस्क्वेलमध्ये तिचं फर्मवेअर आधीच असतं. बाकी प्रणालींवर अगदी किमान इन्स्टॉलेशन केलं असेल तर ते पॅकेज वेगळं टाकावं लागू शकतं.

एआर७०१० आणि एआर९१७० या डोंगलच्या चिपांनाही मुक्त फर्मवेअर आहे. ब्रॉडकॉमच्या काही जुन्या चिपांसाठी इटलीतल्या ब्रेशिया विद्यापीठातल्या मंडळींनी स्वतः मुक्त फर्मवेअर लिहिलं. काम कौतुकाचं आहे, पण केवळ त्यासाठी जुनं ब्रॉडकॉम कार्ड शोधत फिरू नका.

न चालणाऱ्यांत इंटेलची आजची सगळी कार्डं, रियलटेकची जवळजवळ सगळी, आणि वायफाय ५ किंवा ६ म्हणून बाजारात मिळणारी कार्डं. रास्पबेरी पायचं आतलं वायफायही यातच. खरेदीआधी एच-नोड या संकेतस्थळावर चिपचं नाव टाकून बघा, तिथे लोकांनी पूर्ण मुक्त प्रणालींवर तपासलेल्या हार्डवेअरची नोंद आहे.

दुकानात जाऊन काय मागू?

"लिनक्सवर चालणारं डोंगल द्या" असं मागू नका. दुकानदार हो म्हणेल, आणि त्याचं खोटंही नसतं. लिनक्सवर चालतंच ते, बंद फर्मवेअरसकट.

खरी मेख अशी आहे, की कंपन्या खोका आणि मॉडेलचा क्रमांक तोच ठेवून आतली चिप बदलतात. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या लोकप्रिय डोंगलच्या व्हर्जन १ मध्ये एआर९२७१ होती. व्हर्जन २ आणि ३ मध्ये रियलटेकची चिप आहे. बाहेरून तिन्ही जुळी भावंडं. व्हर्जनचा आकडा खोक्याच्या मागच्या स्टिकरवर अनुक्रमांकाजवळ बारीक छापलेला असतो.

मी एकदा एका शाळेसाठी सहा डोंगल घेतले. एक तपासून घेतला होता, चालला. म्हणून त्याच नावाचे पाच आणखी मागवले. ते पाचही दुसऱ्या व्हर्जनचे निघाले. दुकानदारानं परत घेतले नाहीत आणि त्याला बोल लावण्यात अर्थ नव्हता, स्टिकर मीच वाचला नव्हता. ते पाच अजून माझ्या कपाटात आहेत. तेव्हापासून नियम: एक घ्यायचा, दुकानातच लॅपटॉपला लावायचा, एल-एस-यू-एस-बी बघायचं, मगच पैसे द्यायचे. जळगावात गोलाणी मार्केटमध्ये हिंडलात तर जुन्या मालाच्या पेट्यांत कधीकधी पहिल्या व्हर्जनचं डोंगल सापडतं. लॅपटॉप पाठीवर घेऊनच जा. ऑनलाइन घेताना विक्रेत्याला चिपचं नाव विचारून त्याचं उत्तर लेखी ठेवा, परत करताना उपयोगी पडतं.

डोंगल बाहेर लटकतं, पोरं तोडतात. आतलंच कार्ड बदलता येईल का?

येईल, आणि शक्य असेल तर तेच करा. साधारण २०१३-१४ पर्यंतच्या लॅपटॉपांत मिनी पीसीआय एक्स्प्रेस प्रकारचं कार्ड असतं, त्यानंतर एम.२ आलं. दोन्ही प्रकारांत एटीएच९के चिपांची कार्डं जुन्या बाजारात मिळतात. एम.२ साठी एआर९४६२ किंवा क्यूसीए९५६५ शोधा. बॅटरी काढा, झाकणाचे स्क्रू काढा, कार्डावरच्या दोन बारीक अँटेना-तारा नखानं सरळ वर उचला, तिरक्या ओढू नका. नवं कार्ड बसवा, तारा परत दाबा. टिच असा आवाज आला की बसली.

दोन अडथळे येऊ शकतात. काही कंपन्यांच्या लॅपटॉपांचं बायोस (मशीन सुरू करणारा पहिला प्रोग्रॅम) ठरावीक कार्डांखेरीज दुसरं कार्ड दिसलं की मशीन सुरूच होऊ देत नाही, पडद्यावर अनधिकृत कार्डाचा संदेश दाखवून अडून बसतं. कार्ड आपल्या पैशाचं, लॅपटॉप आपला, आणि अनधिकृत कोण ते कंपनी ठरवणार. यावर उपाय म्हणजे कोअरबूट या खुल्या प्रकल्पावर आधारलेलं बायोस टाकणं, पण ते मोजक्याच मॉडेलांवर होतं आणि पहिल्यांदा करणाऱ्यानं एकट्यानं करू नये. दुसरा अडथळा नव्या पातळ लॅपटॉपांचा: त्यांत वायफाय बोर्डावरच डाख लावून बसवलेलं असतं. तिथे डोंगलला पर्याय नाही. पण नखाएवढी छोटी डोंगलं मिळतात, ती घ्या.

कार्ड बदललं तरी त्यातलं ब्लूटूथ चालेलच असं नाही. एआर९४६२ चं वायफाय मुक्त चालतं, ब्लूटूथ बंद फर्मवेअर मागतं.

चिप यादीतली आहे. तरीही नेटवर्क दिसत नाही.

आर-एफ-किल आणि पुढे लिस्ट असा आदेश द्या. "सॉफ्ट ब्लॉक्ड" पुढे यस असेल तर आर-एफ-किल अनब्लॉक ऑल म्हणा. "हार्ड ब्लॉक्ड" पुढे यस असेल तर आदेशानं काही होणार नाही. लॅपटॉपच्या कडेला एक सरकतं बटण असेल ते सरकवा, नसेल तर एफएन धरून अँटेनाचं चित्र असलेली कळ दाबा. एका काकूंचा लॅपटॉप मी चाळीसगावहून मागवून घेतला होता, दुरुस्तीसाठी. दुरुस्ती म्हणजे हे बटण सरकवणं.

शेजाऱ्यांची सगळी नेटवर्कं दिसतात, आमचंच दिसत नाही!

दोन शक्यता. तुमचा राउटर फक्त ५ गिगाहर्ट्झवर नेटवर्क सोडत असेल. एआर९२७१ ला फक्त २.४ गिगाहर्ट्झ ऐकू येतं; एआर९२८५ आणि क्यूसीए९५६५ चंही तेच. राउटरच्या पानावर जाऊन २.४ चा पट्टा सुरू करा.

दुसरी शक्यता चॅनेलची. भारतात २.४ गिगाहर्ट्झवर १ ते १३ चॅनेल चालतात, अमेरिकेत वापर ११ पर्यंतच. राउटर स्वतःहून १२ किंवा १३ वर जाऊन बसला आणि तुमच्या कार्डाचा समज आपण अमेरिकेत आहोत असा असेल, तर ते तिकडे कान देणारच नाही. आय-डब्ल्यू रेग गेट या आदेशानं कार्डाचा देश बघा. आय-डब्ल्यू रेग सेट आणि पुढे मोठ्या लिपीत आय-एन, सुडोसह, म्हणजे भारत. तरीही कार्डात कंपनीनं कोरलेला देश कधीकधी ऐकत नाही. तेव्हा सरळ राउटरचं चॅनेल १, ६ किंवा ११ वर पक्कं करा. हा उपाय मला जास्त आवडतो, घरातल्या सगळ्यांचंच भलं होतं.

राउटरवर सुरक्षेचा प्रकार फक्त डब्ल्यूपीए३ असेल आणि नेटवर्क दिसूनही जोडत नसेल, तर डब्ल्यूपीए२ आणि ३ मिश्र असा पर्याय निवडा.

जोडतं, पाच मिनिटं चालतं, मग तुटतं. पुन्हा जोडतं, पुन्हा तुटतं.

आधी डोंगलला हात लावून बघा. भुसावळचा मे महिना, पत्र्याची खोली, तापमान पंचेचाळीसच्या पुढे, आणि डोंगल लॅपटॉपच्या गरम हवा फेकणाऱ्या खिडकीशेजारच्या पोर्टात. ते बिचारं रडणारच. दुसऱ्या बाजूच्या पोर्टात लावा.

मग पोर्टाचा रंग बघा. निळं पोर्ट म्हणजे यूएसबी ३. त्याच्या वेगवान संकेतांतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो, हे खुद्द इंटेलनं २०१२ मध्ये कागदावर मांडलं आहे. शेजारी यूएसबी ३ ची हार्डडिस्क चालू असेल तर वायफाय आणखी मार खातं. डोंगल काळ्या पोर्टात लावा किंवा एक-दीड मीटरची यूएसबी एक्स्टेंशन केबल वापरून लांब ठेवा. पन्नास-शंभर रुपयांच्या या केबलनं जेवढी तुटणारी नेटवर्कं सुधारली तेवढी कुठल्या आदेशानं सुधारली नाहीत.

एवढं करूनही तुटत असेल तर वीजबचत बंद करा. जोडण्या सांभाळणाऱ्या नेटवर्कमॅनेजर या प्रोग्रॅमच्या कॉन्फ-डी फोल्डरात नावात वायफाय-पॉवरसेव्ह असलेली फाइल असते. तिच्यातला ३ हा आकडा पुसून २ लिहा, मशीन पुन्हा सुरू करा. ३ म्हणजे बचत चालू, २ म्हणजे बंद. दुसरा उपद्रव म्हणजे नेटवर्क शोधताना मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा ओळखक्रमांक) दरवेळी बदलणं. गोष्ट चांगली आहे, पण काही डोंगलं त्यानं गोंधळतात. नेटवर्कमॅनेजरच्या मुख्य फाइलमध्ये डिव्हाइस या विभागाखाली वायफाय-स्कॅन-रँड-मॅक-अॅड्रेस या पर्यायापुढे नो लिहा. नावाचं नेमकं रूप नेटवर्कमॅनेजरच्या मॅन पानावर, म्हणजे टर्मिनलमधल्या माहितीपुस्तिकेत, मिळेल, तिथून उतरवून घ्या.

लॅपटॉप झोपवून उठवल्यावरच डोंगल मरत असेल तर काढून परत लावा. उठून काढायचा कंटाळा असेल तर मॉडप्रोब आदेशानं एटीएच९के-एचटीसी हा ड्रायव्हर उतरवून पुन्हा चढवा. परिणाम तोच.

राउटर ओसरीवर, मी मागच्या खोलीत. सिग्नल एकच काडी. आणि शेतातल्या खोलीत तर काहीच नाही.

यात मुक्त आणि बंदचा काही संबंध नाही, हा आपल्या घरांचा प्रश्न आहे. जुन्या धाब्याच्या घरांच्या मातीच्या भिंती हात-दीड हात जाड असतात. उन्हाळ्यात गारवा देतात त्याच वायफायही गिळतात. पावसाळ्यात भिंत ओल धरते तेव्हा आणखी गिळतात, कारण पाणी या लहरी शोषतं. पत्रा शोषत नाही, परतवतो. पत्र्याच्या खोलीत बाहेरचं वायफाय शिरतच नाही, दारातून शिरेल तेवढंच.

यावल-रावेरकडच्या एका मित्राची तक्रार होती, की घरापासून शेतातल्या खोलीपर्यंत जानेवारीत नेट यायचं आणि ऑगस्टमध्ये गायब. मधे केळीचा बाग. लागवड लहान होती तोवर लहरी वरून जात होत्या. केळी वाढली, पानं पसरली, तर समोर पाण्याची भिंतच उभी राहिली. केळीच्या पानाखोडात पाणीच पाणी. त्याला म्हटलं, ड्रायव्हर बदलून काय करशील, घड उतरेपर्यंत थांब नाहीतर राउटर गच्चीवर चढव. त्यानं चढवला. केळीच्या शेंड्यावरून नजर थेट पोचली की सिग्नलही पोचतो.

घरातल्या घरात मात्र डोंगलवाल्यांची चांदी आहे. आतल्या कार्डाचा अँटेना पडद्याच्या चौकटीत अडकलेला. डोंगल तुम्ही केबलनं खिडकीत, खुंटीला, दाराच्या चौकटीवर कुठेही टांगू शकता. स्क्रूचा बाहेरचा अँटेना असलेलं डोंगल मिळालं तर उत्तम. केबल पाच मीटरच्या आतच ठेवा, त्यापुढे यूएसबी दम तोडतं. त्याहून लांब जायचं तर जुना राउटर घेऊन तो क्लायंट म्हणून, म्हणजे दूरचं वायफाय पकडायला, खिडकीत बसवा आणि त्यातून लॅनची वायर लॅपटॉपला आणा. लिब्रेसीएमसी ही राउटरसाठीची पूर्ण मुक्त प्रणाली चालणारं मॉडेल हाती लागलं तर सोन्याहून पिवळं.

"कनेक्टेड" असं दिसतं, पण एकही पान उघडत नाही.

पिंग आणि पुढे ८.८.८.८ असं करून बघा. उत्तर आलं तर नेट आहे, नावांचं भाषांतर करणारा डीएनएस अडलाय; जोडणीच्या सेटिंगमध्ये डीएनएस स्वतः लिहा. उत्तर नाही आलं तर राउटर बंद करून चालू करा, आणि बिल भरलंय का ते घरी विचारा. हसू नका.

जुन्या लॅपटॉपांचा खास आजार म्हणजे घड्याळ. आतला गोल सेल संपला की वीज गेल्यावर तारीख दहा-पंधरा वर्षं मागे जाते. मग सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रं मशीनला "अजून सुरूच न झालेली" वाटतात आणि एकही पान उघडत नाही. लोक वायफायला शिव्या देतात. कोपऱ्यातली तारीख बघा. सेल बदलणं हा खरा इलाज, बहुतेक वेळा सीआर२०३२ असतो.

स्थानकावरच्या किंवा लॉजच्या वायफायला आधी लॉगिनचं पान लागतं. ते आपोआप आलं नाही तर ब्राउझरमध्ये एस नसलेलं, साधं एचटीटीपीचं एखादं पान उघडा, लॉगिन समोर येईल.

कॉलेजचं वायफाय नाव आणि पासवर्ड दोन्ही मागतं, घेत मात्र नाही.

सुरक्षेच्या रकान्यात डब्ल्यूपीए एंटरप्राइज निवडा, पद्धत पीप, आतली पद्धत एमएस-चॅप आवृत्ती २. बहुतेक ठिकाणी हेच असतं. प्रमाणपत्राची फाइल कॉलेजच्या संगणक विभागाकडून मागून घ्या. "प्रमाणपत्र नको" वर टिचकी मारून काम भागतं, पण मग त्याच नावाचं खोटं नेटवर्क कुणी लावलं तर तुमचा पासवर्ड त्याच्या खिशात.

वेग किती मिळेल? खोक्यावर १५० लिहिलंय.

तो आकडा आदर्श हवेतला. एआर९२७१ एकाच अँटेनाचं, वायफाय ४ पिढीचं डोंगल आहे. गर्दीच्या वस्तीत राउटर अरुंद चॅनेल वापरतो, तेव्हा जोडणीचा दर ७२ मेगाबिटपर्यंतच जातो आणि हातात त्याच्या निम्म्याच्या आसपास पडतं. व्हिडिओ, वर्ग, फॉर्म, पत्रं यांना पुरून उरतं. मोठ्या फाइली रोज ओढणार असाल तर तार.

एवढ्या खटाटोपापेक्षा बंद फर्मवेअर असलेली प्रणाली टाकली तर काय बिघडलं?

तुमचं मशीन, तुमची मर्जी. कुणी तसं केलं म्हणून मी त्याच्याकडे चहा पिणं सोडत नाही. पण माझं गणित सांगतो. वायफाय चिपमधून तुमचं प्रत्येक पत्र जातं. तिच्यात काय चालतं हे बघायची सोय नसेल आणि कंपनीनं पाच वर्षांनी तिच्या दुरुस्त्या थांबवल्या, तर आपण काहीच करू शकत नाही. एआर९२७१ चं फर्मवेअर खुलं आहे म्हणून कंपनीचं लक्ष उडालं तरी लोक ते अजून सांभाळताहेत. जुन्या मशीनवर जगणाऱ्या आपल्यासारख्यांना याची किंमत जास्त कळते. आणि किंमत द्यावीही लागते: वेग कमी, निवड कमी, दुकानात स्टिकर वाचत उभं राहणं. ती लपवून "सगळं सहज चालतं" असं सांगणाऱ्यांनीच या प्रणालींचं जास्त नुकसान केलं आहे.

सगळं करून झालं. मदत मागताना काय पाठवू?

पडद्याचा तिरका फोटो पाठवू नका, त्यातला निम्मा भाग ट्यूबलाइटचा असतो. चार आदेशांची उत्तरं मजकूर म्हणून कॉपी करा: एल-एस-पी-सी-आय, एल-एस-यू-एस-बी, आर-एफ-किल लिस्ट, आणि डी-एम-ई-एस-जीमधल्या फर्मवेअर शब्द असलेल्या ओळी. प्रणालीचं नाव आणि आवृत्ती लिहा. फोन टेदरिंगनं चालतं की नाही तेही लिहा. कुठे पाठवण्याआधी मॅक पत्ते आणि नेटवर्कचं नाव खोडून टाका. आणि डोंगलच्या पाठीवरचं स्टिकर एकदा भिंगाखाली वाचा, व्हर्जनचा आकडा मी पहिल्यांदा तोच विचारणार आहे.